शेऱ्याच्या रकान्यातलं ‘णार नाही’

आत्ती, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लिहिताना मन खात राहणार नाही. आज लिहितेय, कारण माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे आणि ती कुणाला सांगावी हे कळत नाही. आईला सांगितली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "पण जेवलीस का?" मैत्रिणीला सांगितली तर ती म्हणाली की असं सगळ्यांचं होतं, विसरून जा. विसरणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे. गिरणीचा दरवाजा लावला का, हे बघायला मी अर्ध्या वाटेतून तीन तीन वेळा परत जायची आणि तू ओट्यावर बसून, "आता कड्या मोजून ये, किती हायत्या," म्हणून हसायचीस.

मला पहिलं शिकवलंस ते तू. शाळेत नाव घालायच्या आधीची दोन वर्षं मी तुझ्या गिरणीत होते. आई रानात जायची आणि मला तुझ्याकडं सोडायची. तू सासरहून परत आलीस ती पिठात पाय रोवूनच उभी राहिलीस, असं घरातले म्हणायचे. मला आठवतं ते तुझ्या भुवयांवर बसलेलं पीठ, पट्ट्याचा फटफट आवाज, आणि डब्यांची रांग. प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी: कुणाचा, धान्य कोणतं, कसं दळायचं. त्या चिठ्ठ्यांवर मी अक्षरं शिकले. पुढं पहिलीत बाईंनी ‘ब बदकाचा’ म्हटलं तेव्हा मी उभी राहून सांगितलं की ब बाजरीचा असतो. बदक मी पाहिलेलंच नव्हतं. बाईंनी तुला बोलावून घेतलं आणि तू त्यांना म्हणालीस, "बाई, तिचं बी बरूबर हाय की. बदक कोन दळायला आनतंय?"

पाच वर्षांची झाले तेव्हा तू मला चिठ्ठ्या लिहायला बसवलंस. गळ्यात सुतळीनं बांधलेली पेन्सिल दिलीस. ती माझ्या आयुष्यातली पहिली स्वतःची वस्तू, आणि मी ती घालूनच झोपायची. बायका गिरणीच्या आवाजात ओरडून सांगायच्या आणि मी लिहायची. मला घाई फार. चुकेल या भीतीनं घाई, आणि घाईनं चूक. एकदा शेजारची काकी हरभऱ्याची डाळ घेऊन आली. ती म्हणाली, "बारीक दळू..." आणि मी ‘बारीक’ लिहून चिठ्ठी डब्याला लावायला पळाले. तिचं वाक्य होतं, "बारीक दळू नगं, लाडवाचं हाय." तिसऱ्या दिवशी ती काकी एक लाडू घेऊन आली आणि काही न बोलता तिनं तो तुझ्या हातावर ठेवला. "खा," म्हणाली. तू खाल्लास. मग बराच वेळ तुला बोलताच येईना, लाडू टाळूला असा चिकटला की तू बोटानं काढत होतीस आणि काकी कमरेवर हात ठेवून बघत होती. तोंड मोकळं झाल्यावर तू माझ्याकडं वळलीस. मारलं नाहीस. म्हणालीस, "आपल्या बोलन्यात ‘नगं’ शेवटाला येतंय गं पोरी. आधीच पळालीस तर उलटं घिऊन पळशील. मान्साचं तोंड मिटूस्तवर पेन्शील उचलायची न्हाय."

हे मला तोंडपाठ आहे. तोंडपाठ असूनही काय झालं ते आता सांगते.

मी आता बारामतीत एका रोपवाटिकेत नोकरीला आहे. रोपं मी करत नाही, कॉम्प्युटरचं काम करते. बारामती आणि इंदापूरकडचे शेतकरी येतात, मिरची, टोमॅटो, कोबी, कलिंगड यांची रोपं सांगून ठेवतात, महिन्याभरानं घेऊन जातात. आधी हे सगळं वहीत होतं. मालकांनी, त्यांना सगळे दादा म्हणतात, मला सांगितलं, "मॅडम, हे कॉम्प्युटरवर घ्या. तीन महिने बघू, जमलं तर कायम." मला आधी कुणी मॅडम म्हटलेलं नव्हतं. त्या शब्दानंच मला धडकी भरली.

कॉम्प्युटरवर जी चौकट उघडते तिला खिडकी म्हणतात, आत्ती. तिच्यातून बाहेरचं काही दिसत नाही, तरी खिडकीच म्हणतात. तिच्यात आपण रिकामे रकाने करायचे: नाव, गाव, पीक, वाण. समोरचा माणूस त्यात टाइप करतो आणि प्रोग्रामनं ते उचलून घ्यायचं. तुझी चिठ्ठीच ती, फक्त सुतळी नाही. मला वाटलं, हे तर मी पाच वर्षांची असल्यापासून करतेय. मी रकाना तयार केला, आणि लगेच खालच्या ओळीत लिहिलं की रकान्यात काय आहे ते घे. चालवून बघितलं. मी माझं नाव टाइप केलं. प्रोग्राम म्हणाला, तुम्ही काही लिहिलेलं नाही. पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात. काही लिहिलेलं नाही. दोन दिवस मी त्या रकान्यात माझं नाव, गावाचं नाव, शेवटी शेवटी "अरे लिहिलंय की" असंही लिहिलं. तो आपला तेच. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. कॉम्प्युटर ओळी वरून खाली वाचतो, आणि इतक्या झटक्यात वाचतो की रकाना तयार करणं आणि त्यात काय आहे ते बघणं, दोन्ही खिडकी पडद्यावर दिसायच्या आधीच उरकलेलं असतं. म्हणजे गिराईक अजून घरातून निघालेलं नाही आणि मी चिठ्ठीवर ‘काही सांगितलं नाही’ असं लिहून मोकळी. उपाय सोपा होता. एक बटन ठेवायचं, आणि माणसानं ते दाबलं की मगच रकान्यात बघायचं. मी बटन केलं, त्यावर ‘झालं’ असं लिहिलं, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तो अभिमान चार दिवस टिकला. काउंटरवर जे बसतात त्यांना सगळे मामा म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढं, टायपिंग एका बोटानं, आणि नजर कीबोर्डवर अशी खिळलेली की पडद्यावर आग लागली तरी त्यांना वासावरून कळेल. मामा सगळं टाइप करायचे आणि बटन दाबायचेच नाहीत. नोंद हवेत.

"मामा, शेवटी ते ‘झालं’ दाबायचं असतं."

"का बरं?"

"म्हणजे त्याला कळतं तुमचं लिहून झालं ते."

"लिवलंय की सगळं त्याच्या म्होरं. दिसत न्हाय का त्याला? आता लिवून वर परत सांगायचं, बाबा रं, लिवलं म्हनून? मी काय तलाठ्याकडं आलोय का?"

मला त्यांना तीन वेळा सांगावं लागलं आणि चौथ्यांदा सांगायची लाज वाटली. मोठ्या माणसाला किती वेळा टोकायचं? म्हणून मी बटनच काढून टाकलं. ही माझी चूक, आत्ती, इथंच झाली, आणि ती मी भिडेपोटी केली. प्रत्येक अक्षराबरोबर प्रोग्रामनं रकान्यात डोकवायचं असं मी ठरवून दिलं. एक प्रश्न होता: ‘वाण बदलला तर चालेल का?’ म्हणजे सांगितलेल्या वाणाचं बी कमी पडलं तर त्याच पिकाचा दुसरा वाण द्यावा का. उत्तर ‘ना’ने सुरू झालं तर नाही धरायचं, ‘चाल’ने सुरू झालं तर होय धरायचं, आणि लगेच पुढच्या रकान्यावर उडी मारायची. पुढचा रकाना शेरा. मामा खूश झाले. "आता कसं, पोरगी लिवायच्या आत वळखती," असं ते दादांना म्हणाले, आणि मला ते कौतुक वाटलं.

मग एका तिखट मिरचीचं बी खरंच कमी आलं. ज्यांनी ती सांगितली होती त्यातल्या शेवटच्या सात जणांना बी पुरणार नव्हतं. दादांनी मला विचारलं, यातल्या कुणाकुणाला दुसरा वाण चालेल? मी यादी काढली. सातच्या सात होय. दादा म्हणाले, "एवढी समजूतदार माणसं हायत आपल्याकडं? मला तर कधी भेटली न्हाईत." दादा हसले, मीही हसले. इंदापूर तालुक्यातली सात माणसं एका गोष्टीला हो म्हणतात, तिथंच मला घाम फुटायला हवा होता. आपल्या गल्लीत पाण्याची मोटर किती वाजता लावायची यावर सात घरांचं अजून एकमत झालेलं नाही. पण मी यादीवर खूण केली आणि सात जणांच्या ट्रेमध्ये भज्याच्या मिरचीचं बी पडलं. जाड, लांब, तोंडाला अजिबात तिखट न लागणारी.

महिना गेला. रोपं वर आली. मिरचीचं रोप लहानपणी सगळं सारखंच दिसतं, तिखट कोणतं आणि भज्याचं कोणतं हे दादांनासुद्धा ओळखता येत नाही. झाडाला मिरची लागली की मगच कळतं. मी रोपं न्यायच्या पावत्या छापत होते आणि शेऱ्याच्या रकान्यात मला ‘णार नाही’ असं दिसलं. असे तुकडे मी आधीही पाहिले होते. कुठं ‘त नाही’, कुठं नुसताच एकार लटकलेला आणि पुढं ‘ल’. मामांचं टायपिंग कच्चं आहे असं मी धरून चालले होते. इतकंच नाही, शुद्धलेखनाचे चार नियम कागदावर लिहून मी तो कागद त्यांच्या काउंटरला चिकटवला होता. त्या दिवशी मात्र माझी नजर आधीच्या रकान्यावर गेली. तिथं होतं ‘चाल’. पुढं शेऱ्यात ‘णार नाही’. मी दोन्ही एकत्र वाचलं. मग खालचं वाचलं. ‘चाल’, ‘त नाही म्हणाले’. सातातल्या सहा जणांनी नाही म्हटलं होतं. फक्त नरसिंहपूरच्या एक मावशी खरोखर ‘चालेल’ म्हणाल्या होत्या.

मला तुझं तोंड दिसलं, लाडू चिकटलेलं.

मी जेवणाचा डबा उघडला आणि बंद केला. तीन महिने संपायला नऊ दिवस राहिले होते. सहा जणांची रोपं अजून आमच्याच शेडनेटच्या जाळीखाली होती, त्यात मावशींचीही होती. सातव्या, डाळजच्या तात्यांनी मात्र आपली आदल्या दिवशीच नेली होती आणि ते उरकणारे गृहस्थ असल्यामुळं एव्हाना ती लावलीही असणार होती. गप्प बसले तर दीड-दोन महिने कुणालाही काही कळणार नव्हतं, तोवर मी कायम झालेली असते. बोलले तर आजच बाहेर. आणि तात्यांचं रान तर दोन्हीकडून गेलेलंच. हे सगळं मी हातात डबा घेऊन उभ्या उभ्या मोजलं, आणि मग दादांच्या टेबलासमोर जाऊन एका दमात सांगितलं. त्यांना काही समजलं नाही. पुन्हा सावकाश सांगितलं. दादांनी चष्मा काढला आणि काउंटरकडं बघून हाक मारली, "मामा, डाळजचे तात्या काय म्हनले होते वाण बदलायचं?"

"चालायचं न्हाय म्हनले की," मामा जागेवरून म्हणाले. "मी लिवलंय. ‘चालणार नाही’. शुद्ध करून लिवलंय वर. मॅडमनी कागद लावलाय न्हवं का."

दादांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ज्यांची हितं हायत त्यांना तुमी फोन करा. त्या वाणाचं बी कालच आलंय, महिन्याभरात नवी रोपं देऊ म्हनावं. डाळजला मी येतो संगं."

मी सहाही फोन केले. एक जण म्हणाला, "आमाला कुणी काय इचारलंच न्हाय." एकानं अर्धा तास त्याच्या बोअरचं सांगितलं आणि फोन कशाला केला होता ते विचारायचं विसरून गेला, मी पुन्हा लावला. मावशींना खरं तर फोन करायची गरज नव्हती, त्यांना भज्याची मिरची चालणारच होती. पण मला खात्री करून घ्यायची होती.

डाळजला आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. रस्त्यात हायवेवरचा प्रत्येक फलक मी मनातल्या मनात वाचला. तात्या बांधावर उभे होते. रानात चंदेरी मल्चिंगच्या कागदाच्या सरळ रेघा, ठिबक चालू, आणि प्रत्येक भोकात एक एक टवटवीत रोप. इतकं सुंदर चुकीचं रान मी कधी पाहिलं नव्हतं.

"तात्या," दादा म्हणाले, "रोपं दुसरी आली हायत."

"दुसरी म्हंजी? मिरचीच हाय न्हवं?"

"मिरचीच हाय. पर तिखट न्हाय."

"किती न्हाय?"

"भज्याची हाय."

तात्यांची बायको पलीकडं ठिबकची नळी बघत होती. ती तिथूनच म्हणाली, "बरं झालं. ह्यांना डाक्टरनी तिखट बंदच केलंय."

"तू गप गं," तात्या म्हणाले. ते हसले नाहीत. त्यांची लाल मिरची सुकवून चटणीला जाते, चार गावांतले लोक वर्षाचं तिखट त्यांच्याकडून नेतात, हे त्यांनी सांगितलं. आणि मग दादांना विचारलं, "मी न्हाय म्हनलो हुतो का न्हवतो?"

"म्हनला होता."

"मंग व्हय कोन म्हनलं?"

दादांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण वाट बघत राहिले. मी म्हणाले, "मी. तुमचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी होय धरलं."

"तू हुतीस का तवा तितं?"

"नाही."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "न्हवतीस, आन् घाईबी केलीस?"

मी आजवर कुणालाही माझा प्रोग्राम इतक्या थोडक्यात सांगू शकले नव्हते. तात्यांची बायको मोठ्यानं हसली, मग दादा हसले, आणि तात्यांनी हसायचं नाही म्हणून तोंड फिरवलं. शेवटी ठरलं ते असं: अर्धं रान भज्याचं राहू द्यायचं, अर्ध्यातली रोपं उपटायची आणि नवी तयार झाली की तिथं लावायची. "उपटायला मातुर हिनं यायचं," तात्या म्हणाले. मी गेले. एक अख्खी सकाळ तात्यांच्या बायकोबरोबर वाकून, चांगली जगलेली रोपं मुळासकट काढत गेले. त्या मला म्हणाल्या, "एवडं रडू नगं गं, मिरची हाय ती, मान्सं न्हाईत." मी रडत नव्हते, ऊन लागत होतं. पण तसं सांगितलं नाही.

नोकरी गेली नाही. दादा म्हणाले, "आता तुम्ही गेला तर हे दुसऱ्या कुणाला समजायचं न्हाय. अजून तीन महिने बघू." म्हणजे कायमही नाही. प्रोग्राममध्ये आता त्या प्रश्नाला टाइप करायचं काही नाहीच, दोन गोल ठेवलेत, ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’, त्यातल्या एकावर टिचकी मारायची, आणि शेवटी ‘झालं’ दाबल्याशिवाय खिडकी बंदच होत नाही. मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आन् ‘बघू’ म्हनला तर कुटं मारू?" मला आधी राग आला, मग मी ‘बघू’चा तिसरा गोल केला. आता जवळजवळ सगळे बघूमध्येच असतात. दादा म्हणतात, आता यादी खरी वाटते.

हे पत्र मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत. छापून घ्यावं असं वाटलं होतं, पण कागद रोपवाटिकेचा, खासगी कामाला वापरणं बरं दिसत नाही. आणि छापलं तरी नेऊन ठेवणार कुठं? गिरणीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तेव्हा ते इथंच राहील. फक्त एक राहिलं, ते सांगते आणि बंद करते. तात्यांच्या बांधावर मी ‘मी’ म्हणाले हे खरं आहे. पण आदल्या दिवशी ते जे सहा फोन केले, त्यात मी सगळ्यांना सांगितलं होतं की आमच्या कॉम्प्युटरकडून चूक झाली. झाली, जणू आपोआप. नरसिंहपूरच्या मावशी तर हळहळल्या. "त्या मशीनला काय कळतंय बाई, तू नगं मनाला लावून घिऊ. मी नरसिंहाला तुज्या मशीनच्या नावानं नारळ फोडती." त्यांनी खरंच फोडला, आणि रोपं घ्यायला पिकअप आली तेव्हा ड्रायव्हरबरोबर प्रसादाचं खोबरं पाठवलं. त्या सहा जणांना मी अजून पुन्हा फोन केलेला नाही. खोबरं अर्धं मामांनी खाल्लं, आणि अर्धं मी.